चैतरामजी गादी शिवतात

चैतराम गजभिये यांना हळू बोलता येत नाही. तिरोडीच्या मँगनीज खाणीत त्यांनी उभी नोकरी कंप्रेसरवर काढली, आणि त्या मशीनशेजारच्या माणसाला जे काही सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागे. रिटायर झाल्यावर ते बालाघाटला बुढी नावाच्या वस्तीत घर बांधून राहायला आले. कंप्रेसर तिरोडीतच राहिला, आवाज मात्र सोबत आला. ते घरात चहा मागतात तेव्हा समोरच्या घरची बाई आपल्याही गॅसवर आधण ठेवते, असं त्यांची बायको ललिताबाई सांगते.

लोकांकडे सोफा पाहुण्यांसाठी असतो. गजभियांकडे तो चैतरामजींसाठी होता. त्यातही दाराकडची जागा त्यांची. तिथून रस्ता दिसे, टीव्ही दिसे आणि मान थोडी वळवली की स्वयंपाकघरही दिसे. खाणीतल्या माणसाला सगळं नजरेखाली लागतं, असं ते म्हणत. सकाळी पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे, संध्याकाळी बातम्याही तिथेच. बाकीच्या दोन गाद्या दुकानातून आल्या तशा टणक राहिल्या, आणि या एका गादीत चैतरामजींच्या बैठकीचा खड्डा पडला. पुढे कापड विरलं, मग फाटलं, मग आतला पिवळा स्पंज बाहेर डोकावायला लागला. ललिताबाईंनी त्यावर टॉवेल टाकला. तो टॉवेल रोज आंघोळीच्या वेळी गायब व्हायचा.

इथवर सगळं चालून गेलं असतं. पण जावई आले.

जावई म्हणजे राकेश. संघमित्रा, चैतरामजींची एकुलती मुलगी, लग्न होऊन गोंदियाला असते. नात्यातलं एक लग्न कटंगीला होतं, तर जाता जाता दोघं बालाघाटला चहाला थांबली. राकेश कमी बोलणारा, टापटिपीचा माणूस. नवी काळी पँट घालून आला होता. चैतरामजींनी मोठ्या मानानं आपली स्वतःची जागा त्याला दिली. जागा दिली म्हणजे अगदी दंड धरून बसवलं. राकेश खड्ड्यात जो गेला तो गुडघे छातीशी घेऊनच. चहा होईपर्यंत तो बिचारा तसाच बसला, कारण तिथून आपल्या बळावर उठणं सासऱ्यांशिवाय कोणाला जमत नसे.

कटंगीच्या मांडवात दोघं पोचली, आणि लोक राकेशच्या मागे पाहून हसायला लागले. जुना स्पंज भुगा होऊन पँटीला मागून चिकटला होता, चांगला पिवळाधमक. कोणीतरी म्हातारी म्हणाली की नवरदेवाच्या आधी जावयालेच हळद लागली, फक्त जागा चुकली. ते वाक्य व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात आवाजासकट आलं. संघमित्राने तो व्हिडिओ आईच्या मोबाइलवर पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही.

ललिताबाईंनी व्हिडिओ पाहिला, नवऱ्याला दाखवला, आणि सोफावाल्याला बोलवा म्हणाल्या. चैतरामजी बाजारात जाऊन आले. सोफावाला म्हणाला, घरी येणार नाही, सोफा दुकानात आणा. आता हा सोफा घरात आला तेव्हा दाराची चौकट बसायची होती. चौकट बसल्यापासून तो बाहेर जाऊ शकत नव्हता. नुसती गादी नेली तरी चाललं असतं, पण हे सोफावाल्याने सांगितलं नाही, आणि चैतरामजींनी विचारलं नाही, कारण येता येताच त्यांच्या मनात दुसरं काही शिजायला लागलं होतं.

"म्या स्वतः शिवतो," ते घरात पाऊल टाकत म्हणाले.

ललिताबाई वार्डातल्या बायांचे ब्लाऊज शिवतात. पायानं चालवायची त्यांची मशीन खिडकीशी असते आणि तिला त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं जपतात. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. एवढा मोठा कंप्रेसर चालवला, त्यापुढे ही टीचभर मशीन म्हणजे काय, असं चैतरामजींचं म्हणणं पडलं. ललिताबाईंनी वाद घातला नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी तुमसरला जायचं होतं. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघताना त्यांनी भात कुठे, वरण कुठे, दूधवाला कधी येतो ते सगळं सांगितलं आणि बसमध्ये चढता चढता शेवटचं सांगितलं, "मशीनले हात लावू नोका."

"हौ," चैतरामजी म्हणाले, आणि ते सगळ्या बसला ऐकू गेलं.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते मशीनला तेल देण्याचं. कंप्रेसर सुरू करण्याआधी तेल पाहायचं, हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला. जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे त्यांनी तेल सोडलं. मग कापड शोधायला निघाले. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, साड्यांच्या मागे, त्यांना एक गठ्ठा सापडला. जाड, चॉकलेटी रंगाचं, कोरं करकरीत कापड, भरपूर. चैतरामजी तिथेच जमिनीवर बसून विचार करायला लागले. एवढं जाड कापड ब्लाऊजचं असू शकत नाही. साडीचं नाही. म्हणजे हे सोफ्याचंच. म्हणजे ललितानं गुपचूप आणून ठेवलं. म्हणजे तिच्याही मनात होतं की गादीला नवी खोळ व्हावी, फक्त नवऱ्याला सांगायचं नव्हतं. त्यांना बायकोचं कौतुक वाटलं. तुमसरला एक फोन करून विचारावं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण मग ती येण्याआधी तयार करून चकित करण्याची मजा गेली असती.

त्यांनी खाणीतला स्टीलचा टेप काढला. गादी लांबीला मोजली, रुंदीला मोजली, जाडीला मोजली, पुन्हा मोजली. खडूनं कापडावर रेघा मारल्या आणि त्या रेघेवरून केसभरही न हलता कात्री चालवली. ही अचूकता पाहून कोणाही इंजिनिअरनं मान डोलावली असती. कोणाही शिंप्यानं कपाळाला हात लावला असता.

मशीननं पहिला तासभर त्यांना ओळखच दिली नाही. पाय पुढे रेटला की चाक उलटं फिरे, दोरा तुटे, खालची फिरकी उडून पलंगाखाली जाई. तेल जास्त झालेलं, ते सुईवाटे कापडावर ठिबकत राहिलं. पण चैतरामजी माघार घेणाऱ्यांतले नव्हते. हळूहळू पाय बसला. मशीन खडखड करत धावायला लागली तेव्हा त्या आवाजात त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. त्या भरात त्यांनी एक बाजू शिवली, दुसरी शिवली, तिसरी शिवली, आणि चौथीही शिवली. खोळ उचलून पाहिली. सुंदर बंद झाली होती. गादी बाहेर होती आणि आत जायला कुठूनच वाट नव्हती.

तेवढ्यात शेजारचे गजेंद्रभाऊ आले. हे रिटायर कंडक्टर, आयुष्य बसमध्ये गेलेलं, आणि बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. आवाज कसला येतो ते पाहायला आले होते. त्यांनी सगळा प्रकार समजून घेतला आणि एका बाजूची शिवण उसवायचा सल्ला दिला. ती उसवली. आता गादी आत घालायची. गादी जाईना. टेपानं मोजून कापलेलं कापड शिवणीत दुमडलं गेलं होतं, आणि खोळ गादीहून लहान झाली होती.

"होता है," गजेंद्रभाऊ म्हणाले. "बसमधी बी सीट भरली म्हनून का पॅसेंजर सोडते कोनी? दाबा."

मग गजेंद्रभाऊंनी गादी मांड्यांत धरून दाबली आणि चैतरामजींनी वरून खोळ ओढली. मग चैतरामजी गादीवर बसले आणि गजेंद्रभाऊंनी ओढलं. मग दोघांनी मिळून गादीला भिंतीशी गाठलं. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांनाही दम लागलेला, आणि गादी मात्र म्हशीच्या रेडकासारखी एका बाजूनं आत गेली की दुसऱ्या बाजूनं बाहेर. शेवटी एक मोठा आवाज झाला. खोळ तिन्ही शिवणींवर फाटली, गजेंद्रभाऊ पलंगावर आडवे झाले आणि तिथूनच म्हणाले की आपली चहाची वेळ झाली.

संध्याकाळी चैतरामजी जुनी फाटकी खोळ घेऊन खिडकीशी बसले. तिची एकेक शिवण उसवून त्यांनी ती सपाट पसरली, आणि तेव्हा त्यांना दिसलं की प्रत्येक तुकड्याच्या कडेला बोटभर जास्तीचं कापड आत दडवलेलं होतं. ललिताबाईंकडे मुली शिवण शिकायला येतात. त्यांना त्या कायम सांगत, "माया सोड वो, माया सोडल्याबिगर काही होत नाही." इतकी वर्षं सोफ्यावर बसून हे ऐकताना चैतरामजींना वाटायचं की बायको मुलींना संसाराच्या मोहाबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगते आहे. शिवणकामाच्या क्लासात एवढा उपदेश म्हणजे फार झालं, असंही त्यांना वाटे, पण विचार चांगला म्हणून ते मध्ये बोलत नसत. आता ती माया त्यांच्या हातात होती. जास्तीचं कापड. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठ्यातून पुन्हा कापड कापलं, आणि यावेळी माया अशी सोडली की काही विचारू नका. आतल्या खड्ड्यात जुन्या बनियनी आणि उशीचा कापूस भरला. तीन बाजू शिवल्या, चौथी उघडी ठेवली, गादी आत सरकवली. ती गेली. नुसती गेली नाही, आत गेल्यावर कूस बदलायलाही तिला जागा राहिली. आता तोंड बंद करायचं होतं. चेन लावणं त्यांना येत नव्हतं, आणि भरलेली गादी मशीनखाली जात नव्हती.

तेव्हा त्यांना आपलं लहानपण आठवलं. गावी खळ्यावर धानाची पोती भरली की तोंड शिवायचं काम त्यांच्याकडे असे. त्यांनी शेजारून दाभण मागून आणला, सुतळी घेतली आणि गादीचं तोंड पोत्यासारखं शिवून टाकलं. कोपऱ्यांना दोन कानही काढले, धरून उचलायला. हात आपोआप चालत होते. गादी जागेवर ठेवली, सुतळीची बाजू मागे भिंतीकडे केली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. चॉकलेटी, फुगीर, थोडी वाकडी, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. चैतरामजींना ती फार आवडली. ते तिच्यावर बसले नाहीत. पहिल्यांदा ललितानं बसावं असं त्यांनी ठरवलं होतं.

ललिताबाई आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. बसस्टँडवरून येताना वाटेत त्यांना रुख्माबाई भेटल्या, आणि त्यांच्यासोबत महिला मंडळाच्या आणखी दोघी. रुख्माबाई मंडळाच्या अध्यक्ष, वयानं मोठ्या, आणि वार्डात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. घरात पहिलं पाऊल त्यांचंच पडलं. जयभीम झालं. रुख्माबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी समोर दिसली ती फुगीर गादी धरली आणि बसल्या.

ललिताबाई मागून आल्या. त्यांनी पिशवी ठेवली, गादीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की चैतरामजींना वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं की काय.

रुख्माबाई गादीवर हात फिरवत होत्या. बसायला छान आहे म्हणाल्या, कापडही मजबूत दिसतं म्हणाल्या, कुठून आणलं असं विचारलं. ललिताबाई चहा ठेवते म्हणत आत गेल्या आणि आतून त्यांनी नवऱ्याला बोटानं बोलावलं.

स्वयंपाकघरात त्या अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते कापड कुठचं होय, ठाऊक हाय तुम्हाले? विहाराच्या खिडक्याच्या पडद्याचं होय ते. बायानं घरोघरी फिरून पैसे जमा केले, त्याचं आनलं. मी शिवून देतो म्हनून ठेवलं होतं."

चैतरामजी घाबरले. घाबरून त्यांनीही, आयुष्यात कधी नव्हे एवढा, हळू बोलण्याचा प्रयत्न केला.

"मले काय मालूम विहाराचे पडदे होय म्हनून," ते म्हणाले. "रुख्माबाईले सांगू नको. तिले उठू देऊ नको. ती बसली हाय तवरक काही दिसत नाही."

बाहेरच्या खोलीत बोलणं थांबलं. समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

ललिताबाईंनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं दोघं चहा घेऊन बाहेर आली, कारण आता आत राहूनही उपयोग नव्हता. रुख्माबाई उठून उभ्या होत्या. त्यांनी गादी दोन्ही कानांना धरून उचलली होती आणि मागची सुतळीची शिवण खिडकीच्या उजेडात पाहत होत्या. बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रागानं हलतात की कशानं, हे चैतरामजींना कळायला मार्ग नव्हता.

"हे तुम्ही शिवलं का जी?" रुख्माबाईंनी विचारलं.

चैतरामजींनी कबूल केलं. कापलंही आपणच, फाडलंही आपणच, ललिताला यातलं काहीच माहीत नाही, ती तर तुमसरला होती, हे सगळं त्यांनी सांगितलं. पडदे आपण भरून देऊ असंही सांगितलं.  

रुख्माबाईंनी उरलेलं कापड मागवलं आणि दोघींकडून धरवून घेतलं. दोन खिडक्यांचे पडदे होत होते. तिसऱ्या खिडकीला तसंही बाहेरून लिंबाचं झाड लागून आहे, ऊन येत नाही. भरून देण्याचं त्यांनी बाजूला सारलं. मग त्या बसल्या, सोफ्यावर नाही, खुर्चीवर, आणि चहाचा घोट घेऊन निकाल दिला.

"कापड समाजाचं होय," त्या म्हणाल्या. "आता ते ज्या गादीले लागलं, ते गादीबी समाजाची."

आणि निघताना गादी घेऊन गेल्या. दोघींनी एकेक कान धरला. कान फार सोयीचे आहेत, असं त्यांच्यातली एक जाता जाता म्हणाली.

चैतरामजी दारात उभे राहून आपली गादी रस्त्यानं जाताना पाहत राहिले. मागे सोफ्यात त्यांच्या जागी नुसत्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. ललिताबाई त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही रस्त्याकडे पाहिलं. मग आधी त्यांच्या नाकातून आवाज आला, आणि मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसून हसायला लागल्या. चैतरामजींना सुरुवातीला राग आला. पण तो टिकला नाही, कारण गजेंद्रभाऊ आपल्या अंगणात उभे राहून विचारत होते की गादी कुठल्या बसनं चालली.

पुढचे काही आठवडे चैतरामजी फळ्यांवर उशी टाकून बसले. टणक गादीवर बसावं तर ती जागा दाराकडची नाही, आणि गादी इकडून तिकडे सरकवता येते हे त्यांना सुचायच्या आधीच रुख्माबाईंचा निरोप आला. विहारात ती गादी खुर्चीवर ठेवली होती, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी. पण अशा म्हाताऱ्या बाया पुष्कळ आणि गादी एक. रविवारच्या वंदनेला सगळ्या वेळेआधी यायला लागल्या होत्या. वंदनेला एवढी वेळेवर हजेरी पूर्वी कधी नव्हती, ही चांगली गोष्ट. पण गेल्या रविवारी दोघींत गादीवरून बोलाचाली झाली, ही वाईट. तेव्हा आणखी गाद्या पाहिजेत. कापड आणि स्पंज मंडळ देणार. शिवायच्या चैतरामजींनी.

हो म्हणण्याआधी त्यांनी श्वासही घेतला नाही.

ललिताबाईंनी दोन अटी घातल्या. मशीनला तेल त्या स्वतः देतील, आणि कापडावर पहिली कात्री लागण्याआधी त्यांना दाखवायचं. बाकी मग त्यांनी शिकवलंही. मशीनवर दोघांच्या पाळ्या लागल्या. सकाळी ब्लाऊज, दुपारी गाद्या. दुपारची पाळी सुरू होण्याआधीच चैतरामजी मशीनशेजारी येऊन उभे राहतात आणि खाणीत भोंगा वाजायची वाट पाहावी तसे घड्याळाकडे पाहतात. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाया आता त्यांनाही कामं सांगतात. कोणाची पाटावरची गादी, कोणाच्या स्कूटरचं सीट. शिकायला येणाऱ्या मुलींना माया किती सोडायची हे ते न विचारता सांगतात, आणि ते पलीकडच्या गल्लीतल्या मुलीही शिकतात.

घरच्या सोफ्याच्या गादीला मात्र बरेच दिवस मुहूर्त लागला नाही. विहाराचं आधी, लोकांचं आधी, असं होत गेलं. शेवटी ललिताबाईंनीच एका सकाळी ब्लाऊज बाजूला ठेवून जुन्या चादरीची खोळ शिवली आणि नवा स्पंज आणून गादी जागेवर ठेवली. चैतरामजींनी ती पाहिली, उलटून पाहिली, शिवण चांगली आहे म्हणाले. पण ते तिच्यावर फारसे बसत नाहीत. दुपारी मशीनवर असतात आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर.

चेन लावायला मात्र ते अजून शिकलेले नाहीत. ललिताबाईंनी खूप सांगून पाहिलं. रुख्माबाईंनीही एकदा सुचवलं की खोळी धुवायला काढता आल्या तर बरं होईल. चैतरामजींनी ऐकून घेतलं आणि पुढची गादीही दाभणानं, सुतळीनं, पोत्यासारखीच शिवली.

"धुवायची असली का उसवा," ते ओट्यावरून म्हणाले, आणि आख्ख्या वार्डाला ऐकू गेलं. "मंग मले सांगा. म्या हायच ना शिवाले."